फुकटचे तीन महिने

अर्डिस : ...आणि त्या डबड्याला दर महिन्याला पैसे मोजायचे. रेडिओला, दादा. अख्ख्या जगात एवढी एकच गोष्ट फुकट राहिली होती.

डेल्मर : डबडं म्हणू नकोस. आधी ऐकावं, मग मत बनवावं. हा आवाज आकाशातून येतो, अर्डिस, उपग्रहावरून. तुझ्या अंगणातून निघालो तेव्हा जे गाणं लागलं होतं, ते इथवर एकदाही खरखरलं नाही. टेकडी आली, विजेच्या तारा आल्या, तो लोखंडी पूल आला. गाणं जसंच्या तसं.

अर्डिस : जसंच्या तसं असणारच. तू सतरा वर्षांचा होतास तेव्हापासून तेच वाजतंय. हळू घे, पुढे खडीचा रस्ता आहे. मांडीवर भांडं आहे माझ्या. त्यातला रस सांडला तर काळा झगा एकच आहे, आणि आपल्या वयाला तो सारखा लागतो.

डेल्मर : हळूच चालवतो आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या वस्तूमुळे माणसाचा एकांत सुसह्य होतो, तिचं मोल केवळ पैशात करू नये.

अर्डिस : मग कशात करायचं? बटाट्यात? ती कंपनी बटाटे घेत असेल तर दे बाबा पाठवून, तळघरात दोन पोती पडलीत.

डेल्मर : तू थट्टा कर. फेब्रुवारीअखेर ही गाडी घेतली, तेव्हा विकणाऱ्या पोराने सांगितलं की तीन महिने फुकट, मग तुमची मर्जी. मलाही वाटलं, आपल्याला काय करायचंय. पण पहिल्याच सकाळी लावून पाहिला आणि गावाचं स्टेशन काही पुन्हा लावावंसं वाटलं नाही. तिथे काय असतं? सोयाबीनचे भाव, डुकरांचे भाव, आणि मर्लिनचा सर्दी झालेला आवाज.

अर्डिस : आणि देवघेव.

डेल्मर : आणि देवघेव, हो. लोक फोन करून सांगणार, कोणाला जुना नांगर विकायचाय, कोणाला कोंबड्या हव्यात. पन्नास वर्षं ऐकलं. पुरे झालं. आम्ही मधमाश्यांच्या पेट्या घेऊन कॅलिफोर्नियाला जायचो ना, बदामाच्या फुलोऱ्यावर, तेव्हा हे यंत्र असायला हवं होतं. दिवसा ट्रक थांबवायची सोय नाही, थांबलं की माश्या पेट्या सोडून उडाल्याच. जेवण चालत्या गाडीत. एकाने चालवायचं, दुसऱ्याने रेडिओची कळ फिरवत बसायचं. एक स्टेशन विरलं की पुढचं शोधायचं. हार्लनच्या बोटांना तर डोळे होते. खरखरीतून बरोब्बर गाणं उचलायचा.

अर्डिस : आज नाव सहज निघालं तोंडातून.

डेल्मर : कोणाचं?

अर्डिस : चार वर्षं निघत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मी काढलं तर ताट सरकवून उठायचास. आज कसं काय? शवपेटीत निजलाय म्हणून?

डेल्मर : मृत माणसावर राग धरू नये, असं म्हणतात.

अर्डिस : म्हणतात खरं. जित्या माणसाबद्दल काय म्हणतात?

डेल्मर : अर्डिस, तुला सगळी हकीकत माहीत आहे. मधाचा तो धंदा आम्हा दोघांचा होता. मी फार्गोला खुब्याची शस्त्रक्रिया करून पडलो होतो, आणि ह्याने माझ्या माघारी सगळ्या पेट्या परक्या माणसाला विकल्या. माझा हिस्सा चेकने धाडला. चेकने. पाकिटाला तिकीट लावून. आमच्या दोन घरांत एक शेत आहे मध्ये.

अर्डिस : विकल्या नसत्या तर त्या हिवाळ्यात सगळी मोहोळं मेली असती. तो एकटा काय काय करणार होता?

डेल्मर : विकल्या याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. कदाचित मीही तेच सांगितलं असतं. पण विचारायचं. दवाखान्यात फोन होता माझ्या उशाशी. एक वाक्य लागलं असतं.

अर्डिस : बरं, नाही विचारलं. चुकला. मग चूक कळल्यावर आलाच ना तो तुझ्याकडे? पाय चालत नव्हते म्हणून ज्या वाटेने येता येत होतं त्या वाटेने. रोज सकाळी.

डेल्मर : कुठे आला?

अर्डिस : नाटक नको करूस.

डेल्मर : मी नाटक करत नाही. कुठे आला हार्लन?

अर्डिस : दादा, मी आज भांडणार नव्हते. सकाळी आरशासमोर ठरवून आले होते, की हार्लनच्या बायकोसमोर, लव्हॉनसमोर, आपण सख्खी भावंडं म्हणून उभं राहायचं, घरी गेल्यावर मग काय ते. पण तू कोट चढवून, टाय लावून, गाणी ऐकत निघालास. ज्या माणसाने एप्रिलभर अख्ख्या जिल्ह्यासमोर तुझी मनधरणी केली, त्याच्या मयताला. मला नाही जमत गप्प बसायला.

डेल्मर : एप्रिलमध्ये मी त्याचं तोंडही पाहिलं नाही.

अर्डिस : आवाज ऐकलास ना पण.

डेल्मर : नाही.

अर्डिस : देवघेवीत, दादा. मर्लिनच्या देवघेवीत. रोज पहिला फोन त्याचाच.

डेल्मर : कशासाठी?

अर्डिस : तुला खरंच... गाडी बाजूला घे जरा.

डेल्मर : चालवता चालवता ऐकता येतं मला. कशासाठी फोन करायचा?

अर्डिस : पोळ्याला धूर द्यायचा तो जुना भाता होता ना तुमचा, चामड्याचा. म्हणायचा, "हार्लन बोलतोय. एक भाता आहे. चामडं फाटलेलं, पण टाके घातलेत. किंमत काही नाही. ज्याने टाके घातले त्याने येऊन घेऊन जावा." एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मर्लिन बिचारा सुरुवातीला विचारायचा, फोन नंबर सांगू का तुमचा? तर म्हणायचा, त्याला माहीत आहे.

डेल्मर : टाके मी घातले होते. युटामध्ये, एका पेट्रोल पंपावर. मासे पकडायच्या दोऱ्याने.

अर्डिस : जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे कोणी घातले ते.

डेल्मर : मग मला कोणी सांगितलं का नाही?

अर्डिस : कोण सांगणार? आणि काय सांगणार? सकाळी साडेनवाला ज्याच्या गाडीत देवघेव लागत नाही असा माणूस आहे का आपल्याकडे? सगळ्यांनी धरूनच चाललं की तू ऐकतोयस. ऐकून घुम्यासारखा बसलायस. दोन मित्रांच्या भांडणात कोण नाक खुपसतं?

डेल्मर : कॅफेत मी गेलो की सगळे कपात बघायचे. मला वाटलं, नव्या गाडीचा हेवा वाटतोय.

अर्डिस : अरे देवा.

डेल्मर : आणि तू? तू तर मैलभरावर राहतेस.

अर्डिस : मी... मीही तेच समजले. रागाने फोन करायचा सोडला तुला. ईस्टरला बोलावलं नाही, आठवतंय? ताप आहे म्हणाले होते. ताप कसला. तोंड बघायचं नव्हतं तुझं. तेवढ्या दिवसांत एकदा नुसतं येऊन भांडले असते तरी कळलं असतं तुला.

डेल्मर : आजारी आहे एवढं माहीत होतं मला. इतका आजारी आहे हे नाही.

अर्डिस : मे उजाडला तसा आवाज खालावत गेला त्याचा. तरी करायचा. मग एक दिवस नाही आला फोन. मर्लिनने थोडा वेळ नुसताच थांबून बघितलं. मी ओट्यापाशी उभी होते.

डेल्मर : शेवटच्या दिवशीही भात्याचंच बोलला?

अर्डिस : ते आत्ता नको विचारूस.

डेल्मर : का?

अर्डिस : चर्चमध्ये उभं राहायचंय आपल्याला. रात्री सांगेन. घरी गेल्यावर.

डेल्मर : अर्डिस...

अर्डिस : नको म्हणते ना. फोन वाजतोय बघ तुझा. गाडीभर वाजतोय.

डेल्मर : हा गाडीतच वाजतो. कुठलं बटण दाबायचं ते मला अजून...

अर्डिस : ते हिरवं.

फोनवरची बाई : नमस्कार. मी डेल्मर साहेबांशी बोलते आहे का? आपल्या गाडीतल्या उपग्रह रेडिओची मोफत मुदत या आठवड्यात संपते आहे. आतापर्यंतचा आपला अनुभव कसा होता?

डेल्मर : आवाजाविषयी माझी काहीच तक्रार नाही, बाई.

फोनवरची बाई : ऐकून आनंद वाटला. आपण जास्त काय ऐकता, साहेब? गाणी, बातम्या, की खेळ?

डेल्मर : मला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे होऊन गेलेला कार्यक्रम पुन्हा ऐकता येतो का?

फोनवरची बाई : हो साहेब, बरेचसे येतात. कोणता हवा होता?

डेल्मर : आमच्या गावच्या स्टेशनवर सकाळी लोक फोन करतात. वस्तू विकायच्या असतात, द्यायच्या असतात. एप्रिल महिन्यातला.

फोनवरची बाई : गावोगावची स्टेशनं आमच्याकडे नसतात, साहेब. आमच्या स्वतःच्या वाहिन्या असतात.

डेल्मर : नसतात. बरोबर आहे. ठाऊक होतं मला, तरी विचारलं.

फोनवरची बाई : आज नोंदणी केलीत तर पहिलं वर्षभर अर्ध्या दरात देऊ शकते मी.

अर्डिस : नको म्हण.

फोनवरची बाई : आपल्याबरोबर कोणी आहे का?

डेल्मर : माझी बहीण आहे. आम्ही एका मयताला चाललो आहोत.

फोनवरची बाई : माफ करा, साहेब. मला कल्पना नव्हती. नंतर कधीतरी करते मी फोन.

डेल्मर : तुमचा काही दोष नाही. तुमच्या यंत्राचाही नाही. तिथे काही लिहून घेत असाल तर एवढं लिहून घ्या.

अर्डिस : बंद झाला का?

डेल्मर : झाला.

अर्डिस : सरळ नको म्हणून मोकळं व्हायचं होतं. त्या मेल्या वस्तूनेच घात केला तुझा.

डेल्मर : तसं म्हणता येणार नाही. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. एक बटण फिरवलं असतं तर गावचं स्टेशन लागत होतं. मी फिरवलं नाही, कारण मला गावाचं काही ऐकायचंच नव्हतं. मर्लिनने हार्लनचं नाव घेतलं की माझा दिवस नासायचा. ते नाव जिथे पोचत नाही असं एक ठिकाण मला मिळालं, आणि तेही फुकट.

अर्डिस : मर्लिनकडे रेकॉर्ड केलेलं असेल का काही?

डेल्मर : मर्लिन कसलं ठेवतोय. तिथे बोललेलं तिथेच विरतं.

अर्डिस : दादा, तू ऐकलं असतंस तर गेला असतास. मला खात्री आहे.

डेल्मर : मला नाही.

अर्डिस : असं का म्हणतोस?

डेल्मर : पहिल्या दिवशी ऐकून मी नक्कीच गेलो नसतो. म्हटलं असतं, आता आठवण झाली का. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने कदाचित त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो असतो. पुढे काय केलं असतं ते मला माहीत नाही, अर्डिस. मी कसा माणूस आहे हे कळायची एक वेळ आली होती, आणि मी गाणी ऐकत होतो.

अर्डिस : लव्हॉनला काय सांगणार आहेस?

डेल्मर : काय सांगू?

अर्डिस : खरं ते. गेल्या गेल्या, दुसरं काही बोलायच्या आधी. वहिनी, मी ऐकलंच नाही. गाडीत दुसरा रेडिओ होता. तुझ्यावरचा डाग जाईल. आज चर्चच्या तळघरात सँडविच खाताना सगळे तुझ्याकडे बघणार आहेत, माहितीय ना? मी स्वतः सांगेन एकेकीला. कॉफी ओतता ओतता सांगेन.

डेल्मर : हं. पहिलं वाक्य तेच बोलेन.

अर्डिस : वळ इथे. मागून घे, स्वयंपाकघराच्या दाराने भांडं आत नेता येईल. ती बघ, लव्हॉनच उभी आहे पायरीवर. एकटीच. कोट न घालता काय उभी राहिलीये वाऱ्यात.

(गाडी चर्चच्या मागच्या आवारात थांबते. लव्हॉन चालत खिडकीपाशी येते.)

लव्हॉन : नवी गाडी म्हणे. बरी आहे.

डेल्मर : वहिनी, मला पहिल्यांदा एक सांगायचं आहे.

लव्हॉन : आधी मला बोलू द्या, भाऊजी. आत गेले की बायका सोडत नाहीत मला, आणि मग राहूनच जाईल. मी इथे तुमचीच वाट बघत होते.

अर्डिस : लव्हॉन, गाडीत तरी बस. गारठशील.

लव्हॉन : राहू दे गं. आतमध्ये फार गरम होतंय. भाऊजी, तुम्ही आला नाहीत याचा मला राग होता. खोटं कशाला बोलू. पण त्याला नव्हता. रोज फोन ठेवला की उशीवर डोकं टेकवायचा आणि म्हणायचा, पोचलं. आता तो धान्याच्या कोठाराजवळ वळत असेल, आवाज वाढवला असेल त्याने. मी म्हणायची, मग येत का नाही? तर म्हणायचा, त्याला यायला वेळ लागणारच. ऐकतोय ना, तेवढं पुरे. तेवढ्यावर सबंध दिवस काढायचा तो. दुखायचं खूप, पण फोनची वेळ होईतो औषध घ्यायचा नाही. जीभ जड होते म्हणून.

डेल्मर : वहिनी...

लव्हॉन : आणि काल मर्लिनची बायको फुलं घेऊन आली. सहज बोलता बोलता म्हणाली, डेल्मरच्या गाडीत तो आकाशातला रेडिओ आहे म्हणे, गावचं काही लागतच नाही त्याच्यावर. तिला काय, बोलून गेली. मी रात्रभर छताकडे बघत होते. म्हटलं, म्हणजे हा इतके दिवस कोणाशी बोलत होता? भिंतीशी? मला दुसरं काही नको, भाऊजी. का आला नाहीत तेही विचारत नाही. एवढंच सांगा. ऐकलंत ना तुम्ही?

डेल्मर : ऐकलं, वहिनी.

लव्हॉन : पण तो रेडिओ...

डेल्मर : रेडिओ आहे. परंतु सकाळी देवघेवीला मी गावचंच लावतो. माझी जुनी सवय आहे. रोज ऐकलं.

लव्हॉन : रोज?

डेल्मर : रोज. येण्याइतका मोठा मी झालो नाही. हे माझं उणं आहे. पण ऐकलं.

लव्हॉन : शेवटच्या दिवशी आवाज अगदी बसला होता त्याचा. मला शेजारी उभं राहूनसुद्धा नीट कळलं नाही काय म्हणाला ते. मर्लिनला विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला कळलं?

डेल्मर : हो. त्या दिवशी...

लव्हॉन : काय म्हणाला?

अर्डिस : त्या दिवशी मीही होते गाडीत, लव्हॉन. दादा मला बाजारात घेऊन चालला होता. आम्ही दोघांनी ऐकलं. दादाच्या तोंडून ते निघायचं नाही आत्ता, मी सांगते. हार्लन म्हणाला, "भात्याचं राहू दे, मर्लिन. आज मला काही द्यायचं नाही. पेट्या विकल्या तेव्हा मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही." आणि फोन ठेवला.

लव्हॉन : विचारायला हवं होतं. असं म्हणाला?

अर्डिस : असंच.

लव्हॉन : मला ते "विकायला" असं काहीतरी ऐकू आलं होतं. म्हटलं, आता कसलं विकणं काढलंय याने. बरं झालं. बरं झालं, कोणीतरी नीट ऐकलं.

डेल्मर : ऐकलं, वहिनी.

लव्हॉन : मग झालं. भाऊजी, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. आत आल्यावर कॉफी घ्या आधी. आणि पहिल्या बाकावर बसा, आमच्यात. कोणी काही म्हणालं तर मी आहे.

अर्डिस : आम्ही आलोच, लव्हॉन. हे भांडं तेवढं उतरवते.

लव्हॉन : या.

अर्डिस : गेली आत. दादा, मी विचार न करता बोलून गेले. तू ते असं ऐकायला नको होतंस. तिच्यासमोर, उभ्या उभ्या.

डेल्मर : तू योग्य तेच केलंस.

अर्डिस : आता मला तळघरात कोणाला काही सांगता येणार नाही. ऐकूनसुद्धा आला नाही, असंच म्हणतील तुला. जन्मभर म्हणतील. मीच म्हणत होते कालपर्यंत.

डेल्मर : म्हणू देत. त्यातलं अर्धं खरंच आहे.

अर्डिस : आणि हे? त्या बाईचा फोन येईल परत. अर्ध्या दरात वर्षभर.

डेल्मर : घेणार नाही. वस्तू चांगली आहे, त्यात वाद नाही. पण आता मला ती परवडायची नाही. कोणी माझ्या गाडीत बसलं आणि साडेनवाला दुसरंच काही लागलेलं ऐकलं, तर ते लव्हॉनच्या कानावर जायला किती वेळ लागेल?

अर्डिस : म्हणजे उद्यापासून डुकरांचे भाव.

डेल्मर : डुकरांचे भाव, आणि मर्लिनची सर्दी.

अर्डिस : चल मग. घंटा व्हायला लागली. भांडं धर जरा, उतरू दे मला.

डेल्मर : थांब. एक मिनिट थांब, अर्डिस.

अर्डिस : काय झालं?

डेल्मर : तो काय म्हणाला ते पुन्हा एकदा सांग. मगाशी मला चेहरा सांभाळायचा होता, नीट ऐकता आलं नाही.